जुन्या मोटारीची नाडीपरीक्षा

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. मुंबईंत टॅक्सीच्या वयाला वीस वर्षांची मर्यादा आहे, आणि तिची नोंदणी २००३ च्या ऑक्टोबरांतली होती. तेव्हां हिशेब सरळ होता. खासगी वाहनांना मात्र ही मर्यादा लागूं नाहीं. त्यांची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि पुढें तपासणींत वाहन उतरल्यास ती पांच-पांच वर्षांनीं वाढवून मिळते. त्यामुळें ठाण्याच्या नौपाड्यांत, कल्याणच्या जुन्या वाड्यांच्या बोळांत, डोंबिवलीच्या गृहसंस्थांच्या आवारांत ताडपत्रीखालीं झांकलेली एखादी पद्मिनी, एखादी मारुति ८००, एखादी चेतक स्कूटर अद्याप नांदत असलेली दिसते. कोणाला ती वडिलांनीं घेतलेली म्हणून काढवत नाहीं. कोणाला नवी घेण्यापेक्षां जुनी राखणें परवडतें.

अशी गाडी एखाद्या सकाळीं सुरू होत नाहीं, तेव्हां जो प्रकार घडतो तो पाहण्यासारखा असतो. मालक बॉनेट उघडतो, शेजारी जमतात, आणि प्रत्येकाजवळ एक निदान तयार असतें. एक जण प्लग बदलावयास सांगतो, दुसरा कार्ब्युरेटर खोलावयास लावतो, तिसरा कोणती तरी तार ओढून पाहतो. दुपारपर्यंत मूळचा एक दोष कायम राहून त्यांत दोन नव्यांची भर पडते, आणि मग 'आतां ही गाडी भंगारांतच द्यावी' असा निकाल लागतो. ज्या गाडीचा खरा दोष अर्ध्या तासांत निघाला असता, ती अशा रीतीनें विनाकारण मोडींत जाते. याच्या उलट प्रकार त्याहून वाईट. गाडी सुरू होते एवढ्यावरच समाधान मानून, जिचे ब्रेक धड नाहींत अशी गाडी कुटुंबाला घेऊन कसाऱ्याचा घाट चढते.

वस्तुतः जुन्या वाहनाचा स्वभाव निष्कपट असतो. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीनें कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९६४ सालीं जी फियाट ११०० डिलाइट काढली, तिचेंच पुढें पद्मिनी असें बारसें झालें. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरांचें, सिलिंडर चार. आजच्या गाडींत ज्या गोष्टी संगणकाच्या पेटींत लपलेल्या असतात, त्या सगळ्या येथें डोळ्यांना दिसतात आणि हाताला लागतात. पेट्रोलच्या इंजिनाच्या मागण्या तरी किती? हवेंत योग्य प्रमाणांत मिसळलेलें पेट्रोल, त्या मिश्रणावर पिस्टनाचा दाब, आणि नेमक्या क्षणीं पडणारी ठिणगी. तिन्ही असतील तर इंजिन चाललेंच पाहिजे. चालत नसेल तर कोणती तरी एक गोष्ट उणी आहे, आणि ती शोधतांना एका वेळीं एकाच गोष्टीला हात लावावयाचा, एवढें पथ्य पाळलें तरी पुष्कळ झालें. तीन काढे एकदम पाजणाऱ्या वैद्याला रोगी कशानें बरा झाला, हें कधींच कळत नाहीं.

पहिला प्रश्न असा कीं, सेल्फ मारल्यावर इंजिन फिरतच नाहीं, कीं फिरतें पण पेट घेत नाहीं? हे दोन अगदीं निराळे रोग आहेत. फिरतच नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारून पाहावा. दिवे मंद होऊन नुसता टक् असा आवाज आला, तर बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकांशीं करंट अडतो आहे. दिवे जसेच्या तसे लख्ख राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर बॅटरी निर्दोष असून दोष स्विचांत, त्याच्या तारेंत किंवा सेल्फच्या मोटारींत आहे. दिवे मुळींच लागले नाहींत, तर बॅटरीचें टोक सुटलें आहे कीं काय तें प्रथम पाहावें. या परीक्षेला एक पैसाही लागत नाहीं, तरी पुष्कळ मंडळी ती करण्याआधींच नवी बॅटरी घेऊन येतात.

बॅटरीसाठीं स्वस्तांतला एक मीटर घरीं ठेवलेला बरा. इंजिन बंद असतां १२.६ व्होल्ट म्हणजे बॅटरी भरलेली. १२ च्या खालीं म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन चालूं असतां आंकडा साधारणतः १३.८ ते १४.४ असावा. तो तेरापर्यंतही चढत नसेल तर डायनमो किंवा अल्टरनेटर काम करीत नाहीं. पंधराच्या वर जात असेल तर रेग्युलेटर बिघडला असून बॅटरीचें पाणी उकळून उडणार. चार्जिंगचा दिवा चालत्या गाडींत अकस्मात् लागला, तर मात्र तो केवळ विजेचा प्रश्न समजूं नये. पद्मिनींत डायनमो आणि वॉटर पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल तर पांच-दहा मिनिटांत इंजिनही तापून बसेल. अशा वेळीं ताबडतोब बाजूला थांबणें हाच उपाय.

ठाण्यापासून कल्याणपर्यंत खाडीचा दमट, खारट वारा वाहतो, आणि त्याचा पहिला बळी बॅटरीचीं टोकें होतात. त्यांवर पांढरी-हिरवी भुकटी जमते. ती करंटाची वाट अडविते. टोकें सोडवून (उणें टोक आधीं, जोडतांना तें शेवटीं) खाण्याचा सोडा घातलेल्या ऊन पाण्यानें धुवावीं, कोरडीं करून घट्ट बसवावीं आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा. परंतु याहून फसवी जागा निराळीच आहे. इंजिन रबरी आधारांवर बसविलेलें असतें, आणि रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून इंजिन व सांगाडा यांना जोडणारी विणलेल्या तांब्याची एक पट्टी असते. ती गंजून तुटली म्हणजे सेल्फचा मोठा करंट परतीचा दुसरा मार्ग शोधतो, आणि तो मार्ग म्हणजे पुष्कळदां चोकची किंवा अ‍ॅक्सिलरेटरची केबल! सेल्फ मारतांना ती केबल चटका देण्याइतकी तापत असेल, तर बॅटरी, सेल्फ कांहींही न बदलतां आधीं ती पट्टी पाहावी. तसेंच वळण्याचा दिवा लावला कीं मागचे इतर दिवे मिचकावूं लागतात, तेंही अर्थिंगच्याच दोषाचें लक्षण होय. फ्यूज जळाल्यास त्याच्या जागीं तार किंवा सिगारेटच्या पाकिटांतली चांदी गुंडाळण्याची जी जुनी विद्या आहे, ती विसरून जावी. फ्यूज जळतो तो तारांना आग लागूं नये म्हणून. त्याचें तोंड बंद केल्यानें आग थांबत नाहीं.

आतां दुसरा रोग. इंजिन फिरतें, परंतु पेट घेत नाहीं. येथें ठिणगी आणि पेट्रोल यांपैकीं एकाचा अभाव असतो, आणि पाऊस असेल तर संशय आधीं ठिणगीवर घ्यावा. एक प्लग काढून तो त्याच्या तारेला जोडावा, रबरी मुठीच्या पकडीनें धरून त्याचें धातूचें अंग इंजिनाला टेकवावें आणि दुसऱ्याला सेल्फ मारावयास सांगावें. सांडलेलें पेट्रोल जवळपास असतां कामा नये, हें सांगावयास नकोच. निळसर, कडकडणारी ठिणगी दिसली तर विजेची बाजू ठीक आहे. पिवळट आणि दुबळी दिसली तर डिस्ट्रिब्यूटरचें झांकण उघडावें. आंतले पॉइंट जळून काळे झाले असतील तर बारीक पॉलिश कागदानें घांसून त्यांच्यांतली फट नीट करावी. ती अर्ध्या मिलिमीटराहून किंचित् कमी असते. परंतु साफ केलेले पॉइंट आठ दिवसांत पुन्हां काळे पडले, तर अपराधी पॉइंट नसून त्यांच्या शेजारचा कंडेन्सर होय. तो बोटाच्या पेराएवढा आणि किंमतीनें क्षुल्लक असतो, म्हणूनच त्याच्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं.

पावसाळ्यांत पुष्कळदां यांतला कोणताच भाग बिघडलेला नसतो. डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस दंव धरतें, आणि ठिणगी प्लगपर्यंत न जातां त्या ओलाव्यावरून पळवाट काढते. झांकण व जाड तारा कोरड्या फडक्यानें पुसल्या कीं गाडी सुरू. झांकणाच्या आंत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी रेघ दिसली, तर मात्र ती पुसून भागत नाहीं. तेथें बॅकेलाइट जळून कोळशाची वाट पडलेली असते. झांकणच बदलावें लागतें. तारा तडकल्या आहेत कीं काय हें पाहण्यासाठीं रात्रीं अंधारांत, हात न लावतां, चालत्या इंजिनाकडे पाहावें. फुटक्या तारेवर निळी चमक खेळतांना दिसते.

ठिणगी चांगली असून इंजिन उठत नसेल तर पेट्रोलकडे वळावें. जुन्या गाडींत तें टाकींतून ओढून आणण्याचें काम इंजिनाला चिकटून बसलेला एक लहानसा पंप करतो. गॅरेजांत त्याला एसी पंप म्हणतात. त्याच्या पोटांत एक पडदा असतो, तो खालींवर होतो आणि पेट्रोल चढतें. वैशाखांतल्या दुपारीं घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढाला वाहनांची रांग लागली, गाडी तासभर मुंगीच्या पावलानें चालली, कीं हा पंप इंजिनाच्या उष्णतेनें भाजून निघतो, नळींतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ ओढतां ओढतां पंप हताश होतो. गाडी आचके देऊन थांबते. सेल्फ मारून बॅटरी संपविण्यांत अर्थ नसतो. बॉनेट उघडावें, पंपावर आणि नळीवर ओलें फडकें ठेवावें, पंधरा-वीस मिनिटें स्वस्थ बसावें. टॅक्सीवाले पंपाला ओलें फडकें गुंडाळीत, त्यांत अडाणीपणा कांहीं नव्हता.

अलीकडे या जुन्या पंपापुढें एक नवें संकट उभें राहिलें आहे. पेट्रोलांत इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण वाढत जाऊन २०२५ सालीं तें वीस टक्क्यांवर पोहोंचलें. देशाच्या तेलाच्या आयातीचा विचार करतां या धोरणाला कारणें आहेत. परंतु चाळीस वर्षांपूर्वींच्या रबराला तीं समजावून सांगतां येत नाहींत. इथेनॉलनें जुन्या रबरी नळ्या व पंपाचा पडदा फुगतो, मऊ होतो, आणि शेवटीं फाटतो. फाटलेल्या पडद्यांतून पेट्रोल बाहेर गळलें तर आगीचें भय; आंत गळून इंजिनाच्या ऑइलांत मिसळलें तर बेअरिंगें झिजतात. ऑइलची काठी काढून हुंगावी; पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवूं नये. दुसरें असें कीं, पेट्रोलच्या एका भागाला वजनानें साडेचौदा भागांहून थोडी अधिक हवा लागते, इथेनॉलला सुमारें नऊच. कार्ब्युरेटरच्या जेटचें छिद्र ठराविक असल्यानें नव्या पेट्रोलांत मिश्रण पातळ होतें, इंजिन अधिक तापतें, चढावर ओढ कमी लागते. जाणता मिस्त्री थोडा मोठा जेट घालून हें सुधारूं शकतो. तिसरी खोड पाण्याची. इथेनॉल हवेंतला ओलावा शोषून घेतें, आणि प्रमाणाबाहेर पाणी झालें कीं पेट्रोलपासून फुटून टाकीच्या तळाशीं बसतें. सबब जी गाडी जून ते सप्टेंबर उभीच राहावयाची आहे, तिच्या टाकींत अर्धवट पेट्रोल ठेवण्यापेक्षां ती भरून ठेवावी, म्हणजे आंत दमट हवेला जागा राहत नाहीं. आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या रबराच्या घालून घ्याव्या. हा खर्च थोडा आहे, आणि जुन्या गाडीवर करावयाच्या खर्चांत आज तो पहिला धरावा.

स्कूटरविषयीं थोडक्यांत. बजाजची चेतक १९७२ सालीं आली, आणि तिला एका अंगावर कलंडून मग किक मारण्याचा विधि मध्यमवर्गाच्या एका पिढीनें श्रद्धेनें पाळला. कलंडल्यानें कार्ब्युरेटरमधलें पेट्रोल इंजिनाकडे ओसंडतें, म्हणजे चोकाचेंच काम रांगड्या रीतीनें होतें. थंड इंजिनाला त्याचा उपयोग होई. परंतु प्लग आधींच ओला असेल तर त्यानें तो अधिकच भिजतो. दोन स्ट्रोकच्या इंजिनांत पेट्रोलबरोबर ऑइलही जळतें, म्हणून प्लगवर काजळी लवकर धरते. काढलेल्या प्लगचा रंग मोटार असो वा स्कूटर, पुष्कळ सांगतो. बिस्किटासारखा तांबूस रंग निरोगीपणाचा. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल फाजील. ओलसर तेलकट काळा थर म्हणजे ऑइल वर येतें आहे. पांढराफटक म्हणजे मिश्रण पातळ आणि उष्णता अधिक. सायलेन्सरच्या धुराचीही भाषा अशीच आहे. निळा धूर ऑइलचा, काळा पेट्रोलचा. आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, शिवाय रेडिएटरमधलें पाणी गळती न दिसतां कमी होत असेल, तर हेड गॅस्केट फुटलें आहे असें समजावें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये, हें लहान मुलांनाही ठाऊक असतें. दर उन्हाळ्यांत हात भाजून घेणारे मात्र मोठेच असतात.

आतां पाण्याकडे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझच्या वेधशाळेंत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच पुरांत उल्हास नदीचें व वालधुनीचें पाणी कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या भागांत वस्तींत शिरलें. हजारों वाहनें बुडालीं. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं मालकांनीं किल्ली फिरविली, आणि पाण्यानें जें मोडलें नव्हतें तें किल्लीनें मोडलें. कारण समजण्यास सोपें आहे. पिस्टन हवेला दाबून सात-आठ पटींनीं लहान करूं शकतो. पाणी दबत नाहीं. सिलिंडरांत वाटीभर पाणी असतां सेल्फनें इंजिन फिरविलें, तर वर येणारा पिस्टन त्या पाण्यावर आदळतो आणि त्याचा दांडा वांकतो. नुसतें धुवून-पुसून वांचणारें इंजिन मग सबंध खोलावें लागतें.

यास्तव बुडालेल्या गाडीची किल्ली कितीही मोह झाला तरी फिरवूं नये. प्रथम बॅटरीचें उणें टोक सोडवावें. ऑइलची काठी काढून पाहावी. ऑइल दुधाच्या कॉफीसारखें दिसलें तर आंत पाणी आहे, तें सर्व काढून टाकावें. मग चारही प्लग काढून, गाडी न्यूट्रलमध्यें ठेवून, फॅनच्या पुलीच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हातानें सावकाश फिरवावें. पाणी असल्यास प्लगच्या छिद्रांतून बाहेर येतें. एअर फिल्टर, टाकींतलें पेट्रोल, गिअरबॉक्स आणि मागच्या डिफरन्शियलचें ऑइल हीं सर्व बदलावीं. डिस्ट्रिब्यूटर, सेल्फ आणि डायनमो वाळवावे. हें सारें झाल्यावर मगच बॅटरी जोडावी. आणि रस्त्यावरच पुढें पाणी दिसलें, तर चाकाच्या मध्यापर्यंत पोहोंचणाऱ्या पाण्यांत जुनी गाडी घालूं नये. मध्येंच बंद पडली तर ढकलून बाहेर काढावी, सेल्फ मारून नव्हे.

पाण्यांतून सुखरूप निघालेल्या गाडीचें एक काम राहिलेलें असतें, तें ब्रेकचें. पद्मिनीचे ब्रेक ड्रमचे. ड्रम ओला झाला कीं लायनर नुसता घसरतो, आणि पहिल्या सिग्नलला पाय दाबला तरी गाडी थांबत नाहीं. पाण्याबाहेर येतांच, मागेंपुढें पाहून, हळू चालत्या गाडींत ब्रेकवर थोडा वेळ हलका पाय ठेवावा. घर्षणाच्या उष्णतेनें ते वाळतात. ब्रेकचीं इतर लक्षणें प्रत्येक वाहनधारकाला ओळखतां आलीं पाहिजेत, परंतु तीं ओळखून थांबावयाचें, हात घालावयाचा नाहीं. पॅडल स्पंजासारखें मऊ लागलें तर नळ्यांत हवा शिरली आहे. दाबून धरलेलें पॅडल हळूहळू खालीं बसत गेलें तर मास्टर सिलिंडर गेला. ब्रेक लावतांना गाडी एका अंगाला ओढली तर एका चाकाचा व्हील सिलिंडर गळतो आहे किंवा अडकला आहे. ब्रेक ऑइलही ओलावा शोषतें, आणि कसारा किंवा माळशेज घाट उतरतांना वारंवार ब्रेक दाबल्यानें तें तापून त्यांतल्या पाण्याची वाफ होते. पॅडल एकाएकीं जमिनीला टेकतें. दर दोन वर्षांनीं तें बदलावें, आणि घाट ज्या गिअरनें चढावयाचा त्याच गिअरनें उतरावा. प्लग, पॉइंट, पंप यांवर हौसेनें हात बसवून घेण्यास हरकत नाहीं. तेथें चूक झाली तर गाडी चालत नाहीं, इतकेंच. ब्रेक मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच द्यावे.

राहतां राहिला सुट्या भागांचा प्रश्न. पद्मिनीचें उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबलें, तरी ती इतकी खपली होती कीं कुर्ल्याच्या बाजारांत तिचे भाग अजून मिळतात. उलट, १९९० नंतरच्या दशकांत खुद्द कल्याणजवळच्या कारखान्यांत प्यूजो ३०९ ही मोटार तयार होत असे. ती भागीदारी थोड्याच वर्षांत मोडली, आणि आपल्याच गांवच्या गाडीचा भाग आज येथें मिळणें कठीण. अशा वेळीं ठाण्याच्या वागळे इस्टेटींतला किंवा डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतींतला एखादा कुशल लेथवाला कामास येतो. बुश, पिन, पुली असले भाग तो नमुन्यावरून कातून देतो. म्हणून मोडलेला भाग, नवा बसून गाडी चार आठवडे चालेपर्यंत, फेकूं नये. मापासाठीं तोच लागतो. शिवाय तो कोठें झिजला आहे यावरून शेजारच्या भागाचा दोष कळतो. वॉटर पंपाचें बेअरिंग एकाच बाजूनें खाल्लें गेलेलें असेल, तर पट्टा फाजील ताणलेला आहे, आणि तो सैल केल्यावांचून बसविलेलें नवें बेअरिंगही त्याच वाटेनें जाणार.